आधी उतरू द्या : पोटॅशियमच्या दारांविषयी

संध्याकाळी सातच्या सुमारास मुंबईहून आलेली कल्याण लोकल ठाण्याला थांबते, तेव्हा दाराशी जे घडतं ते मी पस्तीस वर्षं रोज पाहिलं. गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबणार. तेवढ्यात आतले ठाणेकर उतरणार आणि फलाटावरचे डोंबिवली-कल्याणकर चढणार. दारातून कुणीतरी ओरडतं, “अहो, आधी उतरू द्या!” उतरणारे नीट उतरले की डबा मोकळा होतो आणि चढणाराही सुखानं चढतो. बाहेरच्यांनी आधी रेटा लावला तर दाराशी कोंडी होते, कुणाची चप्पल निसटते, आणि ठाण्याला उतरायचं असलेली बाई थेट डोंबिवलीला पोचते.

हृदयाची पेशी शिकवताना मला याहून चांगला दृष्टांत कधी सापडला नाही. पेशीत शिरायची घाई असते सोडियमला. त्याची दारं उघडली की सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात तो आत घुसतो आणि पेशी चेतवली जाते. मागोमाग कॅल्शियम येतं, स्नायू आवळतो, ठोका पडतो. आत साठलेला हा धनभार कमी व्हायला हवा, नाहीतर पुढचा ठोका कसा पडणार? ते काम पोटॅशियमचं. आपल्या दारांमधून ते बाहेर पडतं आणि पेशी पुन्हा विसाव्याला येते. दिवसाकाठी लाखभर ठोके पडतात, म्हणजे लाखभर वेळा हे उतरणं बिनबोभाट पार पडतं. तबल्यात समेवर टाळी पडते, पण आवर्तन तोलून धरायला खालीही लागतेच. ठोक्याचं कौतुक पुष्कळांनी केलं आहे. हाती असलेलं हे पुस्तक त्या विसाव्याबद्दल आहे, आणि म्हणूनच त्याची प्रस्तावना लिहायला मी आनंदानं होकार दिला.

पोटॅशियम हे नाव अवघड वाटत असेल तर मुरबाड-शहापूरच्या भातशेती करणाऱ्या माणसाला विचारावं. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद आणि पालाश असं लिहिलेलं असतं, त्यातला पालाश म्हणजेच पोटॅशियम. चुलीतली राख आपल्या आज्या माडाच्या आळ्यात टाकत, तीही पालाशासाठीच, नाव ठाऊक नसताना. साधारण सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असतं, आणि त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत. पेशीत दर लिटरला १४० मिलिमोल, तर बाहेर रक्तात अवघं ४. लॅबच्या कागदावर ‘३.५ ते ५’ अशी मर्यादा छापलेली असते ती या बाहेरच्या चिमूटभर साठ्याची. चिमूट म्हणूनच ती महत्त्वाची, कारण तिथे थोडीशी भर किंवा थोडीशी घट झाली तरी आत-बाहेरचा तोल बिघडतो, आणि सारी वीज त्या तोलावर चालते.

ही दारं म्हणजे पेशीच्या पापुद्र्यात आरपार रोवलेली प्रथिनं. माणसात त्यांची सुमारे ऐंशी जनुकं आहेत. काही दारं विजेचा दाब पाहून उघडतात, काही कॅल्शियम आलं की, काही पेशीचं पोट भरलेलं आहे की रिकामं ते पाहून. सगळ्यांचा बाणा मात्र एकच : पोटॅशियम जाऊ द्यायचं, सोडियम नाही. गंमत अशी की सोडियमचा कण पोटॅशियमपेक्षा लहान. मोठा कण जिथून जातो तिथून लहान का जाऊ नये, या प्रश्नानं शास्त्रज्ञांना काही दशकं झोप लागू दिली नाही. दर सेकंदाला काही कोटी कण सोडणारं हे दार दहा हजारांत एखादाच सोडियम चुकून जाऊ देतं.

उत्तर पावसाळ्याच्या भाषेत सांगता येतं. पाण्यात प्रत्येक आयन, म्हणजे असा भारित कण, पाण्याच्या रेणूंचा रेनकोट घालून फिरत असतो, आणि दार इतकं अरुंद की रेनकोट काढल्याशिवाय आत जाता येत नाही. रेनकोट काढायचा तर आत तितकाच आडोसा मिळायला हवा. दाराच्या आतल्या भिंतीला ऑक्सिजनचे अणू नेमक्या अशा अंतरावर आहेत की पोटॅशियमला ते पाण्यासारखेच चहूबाजूंनी बिलगतात. लहानग्या सोडियमला ते हाताला लागत नाहीत, म्हणून तो रेनकोट उतरवायलाच तयार होत नाही आणि बाहेर राहतो. हे चित्र डोळ्यांनी दाखवलं रॉडरिक मॅकिनन यांनी, १९९८ मध्ये. मूळचे ते डॉक्टर. त्यांनी दार घेतलं होतं स्ट्रेप्टोमायसीस कुळातल्या, मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचं. पहिल्या पावसाचा मृद्गंध येतो तो याच कुळाच्या कृपेनं. २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मातीतल्या जिवाणूचं दार आणि आपल्या हृदयाचं दार एकाच घडणीचं निघावं, हे वाचून मी त्या दिवशी वर्गात बराच वेळ नुसती बोलत राहिले होते, अभ्यासक्रम बाजूला ठेवून.

आता याच दारांवर नेम धरणाऱ्या एका पाहुण्याकडे वळते, ज्याच्याविषयी प्रस्तावनेत जास्त लिहायचं मी आधीच ठरवलं होतं. तो पाहुणा खरं तर घरचाच : कोकणातला लाल विंचू. जांभ्या दगडांच्या फटीत, कौलांखाली, भाताच्या पेंढ्यात, दाराबाहेर काढलेल्या चपलेत तो असतो. रायगड-रत्नागिरीत त्यानं घेतलेले बळी ही काही फार जुनी गोष्ट नाही. १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा विंचूदंशाचे गंभीर रुग्ण दगावणं ही नित्याची बाब होती. अंग घामानं भिजतं, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, आणि मग फुप्फुसांत पाणी भरून माणूस गुदमरतो. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून रक्तदाब मोजला, नाडी मोजली, नोंदी ठेवल्या. खेड्यातल्या त्या नोंदी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून पाहिली, १९८६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं, आणि जिथे शंभरातले पंचवीस-तीस जात तिथे मृत्यू एक-दोनावर आले. २०११ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस देऊन पाहिली. नुसत्या प्राझोसिननं बरं व्हायला सरासरी सतरा-अठरा तास लागत, दोन्ही मिळून आठ. ही प्रतिलस परळच्या हाफकिनची. २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली. महाडचा एक डॉक्टर साऱ्या जगाच्या विंचूदंशाच्या उपचाराची दिशा बदलतो, हे शाळेच्या पुस्तकात असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पण त्या विषात असतं काय? विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, विष मात्र शेपटीत. या विंचवाच्या शेपटीच्या टोकावरच्या कुपीत डझनावारी लहान प्रथिनं भरलेली आहेत, आणि त्यांतली बरीचशी आयनांच्या दारांवर नेम धरून बसलेली. काही सोडियमची दारं उघडी अडकवून ठेवतात, काही पोटॅशियमच्या दारांत बूच मारतात. चढणाऱ्यांचं दार मिटत नाही आणि उतरणाऱ्यांचं उघडत नाही, अशी अवस्था. मज्जातंतू थांबायचं विसरतात, अॅड्रेनलिनच्या कुळातली रसायनं रक्तात ओतली जातात, आणि पुढचं वादळ बावस्करांनी उशाशी बसून पाहिलं तेच. प्राझोसिन या रसायनांना रक्तवाहिन्यांवर बसू देत नाही.

१९९० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी याच लाल विंचवाच्या विषातून ३७ अमिनो आम्लांचं एक प्रथिन वेगळं काढलं. त्याचं नाव आयबेरिओटॉक्सिन. कॅल्शियमनं उघडणारं पोटॅशियमचं एक मोठं दार आहे, रक्तवाहिन्यांच्या, मूत्राशयाच्या, गर्भाशयाच्या स्नायूंत असणारं. हे प्रथिन त्या एकाच जातीच्या दारात जाऊन बसतं, इतर दारांना सहसा हात लावत नाही. त्यामुळे एखाद्या पेशीत ते दार आहे का, असेल तर काय काम करतं, हे ओळखायला जगभरच्या प्रयोगशाळांना एक नेमकी किल्ली मिळाली. याच विंचवाच्या विषातलं टॅमापिन हे दुसरं प्रथिन मेंदूतल्या अशाच एका लहान दाराची किल्ली ठरलं. मॅकिनन यांनीही दाराचं तोंड नेमकं कुठे आहे ते आधी विंचवाच्याच विषानं चाचपलं होतं, विंचू मात्र पश्चिम आशियातला. रक्तदाबावरचा एखादा शोधनिबंध मी वाचायला घेते, आयबेरिओटॉक्सिनचं नाव दिसतं, आणि डोळ्यांसमोर महाडचे जांभे दगड येतात. हा विषय परका नाही, हे वाचकाला पटवायला मला दुसरा दाखला नको.

आता घरातल्याच दुसऱ्या एका गोष्टीविषयी. हे प्रकरण पुस्तकात पुढे सविस्तर आहे, तरी मी त्यावर इथे थांबते, कारण त्यात जीव वाचवता येतो आणि खर्च एका कार्डिओग्रामचा.

१९५७ मध्ये नॉर्वेतल्या जेरवेल आणि लांगे-नील्सन या दोन डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकिगत छापली. सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी, अधूनमधून भोवळ येऊन पडणारी. त्यांतली तिघं लहानपणीच अचानक गेली. त्यांच्या कार्डिओग्राममध्ये ठोक्यानंतर विसाव्याला येण्याचा काळ खूप लांबलेला होता. कान आणि हृदय यांचा संबंध काय, ते पुढे चाळीसेक वर्षांनी कळलं. पोटॅशियमचं एकच दार दोन्हीकडे कामाला आहे. आतल्या कानात ते एका द्रवात पोटॅशियम भरत राहतं, आणि त्या द्रवातलं पोटॅशियम केसपेशींत शिरल्यावरच आपल्याला आवाज ऐकू येतो. हृदयात तेच दार ठोका संपवतं. आई आणि बाप दोघांकडूनही या दाराच्या जनुकाची बिघडलेली प्रत आली की मूल ऐकू शकत नाही आणि त्याचं हृदय वेळेवर विसावत नाही.

दोघांकडून तीच प्रत येण्याची शक्यता नात्यातल्या लग्नात वाढते. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे काही समाजांत अजून आहे. कल्याण-डोंबिवलीच्या वस्तीत सोलापूरकडचे, मराठवाड्यातले, कर्नाटकच्या सीमेवरचे कितीतरी लोक आहेत, आणि त्यांच्या घरात अशी नाती मला वर्षानुवर्षं भेटत आली. कुणाच्या रीतीला नावं ठेवायचा हा विषय नव्हे. सांगायचं एवढंच की अशा घरात जन्मतः न ऐकणारं मूल असेल, आणि ते धावताना, रडताना, दचकल्यावर, पोहताना मध्येच कोसळत असेल, तर ‘आकडी’ म्हणून वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या देत बसू नये. ‘बाहेरचं काही’ म्हणून उतारे करत बसू नये. कार्डिओग्राम काढावा. ठोक्याच्या सुरुवातीपासून विसाव्याच्या लाटेच्या शेवटापर्यंतचं अंतर मोजावं. नाडीच्या वेगाचा हिशोब धरून ते नेहमीपेक्षा लांबलेलं दिसलं तर लगेच हृदयतज्ज्ञाकडे जावं. बीटा-ब्लॉकरच्या साध्या गोळ्या या मुलांना रोज द्याव्या लागतात आणि त्यांनी धोका कमी होतो. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाणी-श्रवणाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, आणि आपल्या भागातून कितीतरी मुलं तिकडे तपासणीला जातात. कानाच्या तपासणीबरोबर हृदयाची ही एक पट्टी सगळीकडे सक्तीची व्हावी, असं माझं अनेक वर्षांचं म्हणणं आहे.

जन्मतः काही दोष नसतानाही दार अडू शकतं, औषधांनी. हृदयातलं पोटॅशियमचं आणखी एक दार आहे, ‘हर्ग’ नावाचं. त्याच्या पोटात मोठी पोकळी असते आणि नाना तऱ्हेचे रेणू तिथे जाऊन अडकतात. सर्दी-शिंकांवरची टर्फेनॅडीन ही गोळी अशीच अडकायची, विशेषतः सोबत एरिथ्रोमायसिनसारखं औषध घेतलं की. भारतात तिच्यावर २००३ मध्ये बंदी आली. पोटाच्या तक्रारींवरचं सिसाप्राइडही २०११ मध्ये गेलं. आता बहुतेक नवी औषधं माणसाला देण्याआधी या दारावर तपासली जातात. २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अझिथ्रोमायसिन या जोडीची घराघरांत चर्चा होती. तेव्हा डॉक्टर कार्डिओग्रामचा आग्रह का धरत होते, त्याचं कारण हेच दार.

मधुमेहात गोष्ट उलटी आहे. इथे दार लागण्यावर सारं अवलंबून. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीचं एक पोटॅशियम-दार उपाशीपोटी उघडं असतं. साखर आली, पेशीत ऊर्जा तयार झाली की ते मिटतं, पेशी चेतते आणि इन्शुलिन बाहेर पडतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या ते दार बाहेरून ओढून लावतात. डोंबिवलीच्या प्रत्येक इमारतीत निदान एका घरात यांतली एखादी पट्टी फ्रिजच्या डोक्यावर ठेवलेली असेल, पण ती दार लावते हे घेणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. सांगितलं असतं तर जेवण टाळून गोळी घेतल्यावर घाम का फुटतो, हात का थरथरतात, तेही त्याला उमगलं असतं : पेशी उपाशी आहे, तरी दार बंद आहे आणि इन्शुलिन येतंच आहे.

काही बाळांना पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या एक्झिटरच्या अँड्र्यू हॅटर्सली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यांतल्या अनेकांच्या या दाराच्या जनुकात दोष आहे, दार उघडंच अडकून राहतं. २००६ चा त्यांचा अभ्यास वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. असा दोष असलेल्या ४९ जणांना दार लावणाऱ्या अशा गोळ्या देऊन पाहिल्या, आणि ४४ जणांच्या इन्शुलिनच्या सुया सुटल्या. चेन्नईच्या मद्रास डायबेटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये हे जनुक तपासलं जातं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह सांगितला गेला, तर आईबापांनी ही तपासणी मागून घ्यावी.

आता माझ्या घरातली गोष्ट. माझी आत्या डोंबिवलीत राहायची, मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. जिथे उपचार चालू होते तिथून तिला पथ्याचा कागद मिळाला होता. त्यात केळी नको, नारळपाणी नको, डाळी बेतानं, सगळं होतं. उपासाविषयी मात्र ओळ नव्हती. आषाढी एकादशी आली. एकादशी नि दुप्पट खाशी म्हणतात, पण आत्या तशी खाणारी नव्हे. तिनं रताळ्याचा कीस घेतला, बटाट्याची भाजी घेतली, चार खजूर खाल्ले. डाळ-भात-पोळीच्या दिवशी जेवढं पोटॅशियम पोटात गेलं असतं त्याहून बरंच जास्त त्या दिवशी गेलं, आणि ते बाहेर टाकायला मूत्रपिंडं नव्हती. दुसऱ्या सकाळी तिच्या पायांत उठायचं बळ नव्हतं. रक्तातलं पोटॅशियम ७.२ निघालं. कार्डिओग्रामवर विसाव्याच्या लाटा तंबूसारख्या उंच, टोकदार. ठाण्याचा फलाटच तुडुंब भरला असेल, तर उतरणारा उतरणार कुठे? बाहेर पोटॅशियम साचलं की पेशीतलं बाहेर पडायला कुरकुरतं, पेशी पुरती विसाव्याला येत नाही, आणि सोडियमची दारंही अर्धवट अडकून पडतात. त्यातून हृदय थांबू शकतं. शिरेतून कॅल्शियम दिलं ते हृदयाला सावरायला, ग्लुकोजबरोबर इन्शुलिन दिलं ते पोटॅशियमला पेशींत परत लोटायला, मग डायलिसिस. आत्या वाचली.

हा धडा मी तेव्हा बावीस वर्षं शिकवत होते. फळ्यावर तंबूसारखी लाट काढून दाखवत होते. आणि आषाढीच्या आदल्या दिवशी आत्याशी फोनवर बोलूनही, उद्या काय खाणार आहेस, एवढं विचारायचं मला सुचलं नाही. तेव्हापासून भेटेल त्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला मी विचारते : उपास करता का? कुठले? भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडता का, आणि ते पाणी फेकता का? ‘कमी सोडियमचं’ म्हणून घरात आलेलं मीठ पोटॅशियमचं तर नाही ना? यांतल्या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण स्वयंपाकघरात जाऊन पुडा घेऊन येतात.

पुढच्या प्रकरणांत फेफऱ्यातली दारं आहेत, रक्तदाबातली आहेत, दार उघडून काम करणारी औषधं आहेत. डोक्यावर केस यावेत म्हणून लावतात ते मिनॉक्सिडिल आणि छातीच्या कळांवरचं निकोरँडिल ही दोन्ही त्यातलीच. काही पानं कठीण आहेत. ती सोपी करायच्या नादात लेखकांनी खोटी केली नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

वाचायला बसण्याआधी एक करा. घरातल्या फाइलीत कुणाचा तरी जुना कार्डिओग्राम असेल, तो काढून शेजारी ठेवा. गुलाबी चौकटींच्या कागदावर एक उंच सुळका दिसेल, तो ठोक्याचा. त्याच्या उजवीकडे, थोडी सपाट रेघ गेल्यावर, एक बुटकी गोल टेकडी आहे. सहसा तिच्याकडे कुणी पाहत नाही. ती तुमच्या हृदयातल्या पोटॅशियमच्या उतरण्याची खूण. तिच्यावर बोट ठेवा आणि पहिलं पान उघडा.